मधलं नाव

पडेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींनी मोबाइल माझ्या हातात दिला. "बाळा, आबांचा सातबारा काढून दे."

"गट नंबर?"

"तो कुठला ठाऊक! विहिरीच्या अंगाला, लिंबाखालचं वावर."

महाभूलेखला लिंब कळत नाही. तो आधी विभाग विचारतो, मग जिल्हा, तालुका, गाव. सहा विभागांतून आपला, जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतून वैजापूर, आणि त्यातून मावशींचं माहेर. अख्खा महाराष्ट्र चार बोटांत एका गावावर आला.

पुढे गाडी अडली. गट नंबर नसेल तर नावाने शोधायचं: पहिलं, मधलं किंवा आडनाव. मी 'जाधव' टाकलं. यादी उघडली ती संपेचना. मावशी हसल्या, "आमच्या गावात जावई सोडले तर सगळे जाधवच."

मग पहिलं नाव. मावशींच्या शाळेच्या दाखल्यावर वडील 'रावसाहेब'. टाकलं, तर एकही नाव नाही. आडनावाला निम्मं गाव, नावाला कुणीच नाही! दाखला तर समोर होता.

"आजोबांचं नाव काय?" मी विचारलं. खरं तर सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. आडनाव सगळ्या भावकीचं असतं, मधल्या नावाने एकेक घर वेगळं होतं.

"तुकाराम. आजी एरवी नाव घ्यायची नाही, पण उखाण्यात हमखास."

मधल्या नावात 'तुकाराम' टाकलं. सहा नावं आली. मावशींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट लावून वाचत गेल्या. हे थोरले काका, हे धाकटे, हे तर वरच्या आळीचे. पाचव्या नावावर बोट थांबलं. 'राऊसाहेब तुकाराम जाधव'. कधीकाळी कुणी कानाला आलं तसं लिहून ठेवलेलं. आमचा नीट लिहिलेला 'व' तिथे कसा जुळणार?

सातबारा उघडला. अजून आबाच खातेदार. जाऊन ११ वर्षं झाली त्यांना, वारस नोंद कुणी केलीच नव्हती. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, तरी मी त्यावर काही बोललो नाही. एवढंच सांगितलं की हा उतारा नुसता बघण्यापुरता, कामाला लावायचा तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा लागेल.

मावशींनी गट नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहून घेतला आणि भावाला फोन लावला.

"दादा, आबा अजून सातबाऱ्यावर आहेत रे."