चंद्राचा आकडा

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं आणि चंद्र पातेल्यात नेमका कुठून पडेल यावर काकूमंडळींचा वाद चालला होता. मी चंद्रावर उजेड मोजायचा स्पॉट मीटर धरला. पेन्टॅक्सचा, जुना, पिस्तुलासारखा हातात बसणारा. डोळा लावायचा, मधलं बारीक वर्तुळ हव्या त्या जागेवर न्यायचं आणि चाप ओढायचा. आकडा आला १२. यायला हवा होता १४च्या आसपास.

मीटर ठणठणीत होता. पण त्याचं वर्तुळ एक अंशाचं आणि चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा. वर्तुळात चंद्र पाव, बाकी सगळं काळं आभाळ. पाव उजेड म्हणजे दोनदा निम्मा, म्हणजे दोन स्टॉप कमी. चोख हिशेब!

तसंही मीटरला एकच रंग कळतो, मधला करडा. विठोबाच्या मूर्तीवर धरा की वारकऱ्याच्या धोतरावर, त्याच्या आकड्यावर विसंबलात तर दोन्ही करडेच उतरणार. विठोबा काळा राहावा म्हणून दोन स्टॉप कमी करायचे, धोतरासाठी दोन वाढवायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सगळं परस्पर ठरवून मोकळ्या होणाऱ्या कॅमेऱ्यांपेक्षा मला हा अर्धवट शहाणा बरा वाटतो. चंद्राचं तर आणखी वेगळं. अंगावर पडलेल्या उजेडाचा तो १२ टक्क्यांच्या आसपासच भाग परत पाठवतो. फोटोग्राफरचं करडं कार्ड १८ टक्के. आपल्या तमाम भावगीतांतला चंद्र डांबरी रस्त्याच्या जातकुळीचा आहे.

फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला हा चंद्र पाठ होता. १९४१ सालची गोष्ट. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरून संध्याकाळी त्याची मोटार चालली होती. मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं टेकलेलं, वर चंद्र. गाडी थांबवून आठ बाय दहाचा अवजड कॅमेरा उभा केला, आणि मीटर सापडेना! सोबतच्या दोघांना ओरडून झालं. मग आठवलं : चंद्राची दीप्ती चौरस फुटाला २५० कँडल. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या त्याने फ्रेड आर्चरबरोबर आधीच आखल्या होत्या. चंद्राला सातव्या पायरीवर बसवलं, मधल्या करड्याच्या दोन स्टॉप वर. गडद पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट वेळ धरला. उत्तर आलं एफ ३२, एक सेकंद. खबरदारी म्हणून दुसरी निगेटिव्ह घ्यायला होल्डर उलटा केला, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलेलं. क्रुसांना उजेड शेवटी कमीच पडला; १९४८ साली निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद करावा लागला.

गंमत अशी, की चंद्राची दीप्ती घोकलेल्या या माणसाला फोटोचं साल आठवत नसे. कधी १९४०, कधी १९४४. शेवटी खगोलवाल्यांनी चंद्राच्या जागेवरून उलटं गणित मांडलं. डेव्हिड एल्मोर यांनी काढलं ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारी ४ वाजून ३ मिनिटं. पुढे डेनिस डि चिको यांनी ते खोडून १ नोव्हेंबर ठरवलं, ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद. वीस सेकंदसुद्धा! शटर उघडं होतं एकच सेकंद.

मला त्या फोटोचे सुरुवातीचे प्रिंट जास्त आवडतात. त्यांत वरच्या आभाळात ढगांचे फिकट पट्टे शिल्लक आहेत. नंतर नंतर अ‍ॅडम्स ते आभाळ काळं करत गेला. जाणकारांना ते काळंच भव्य वाटतं; वाटो बापडं.