पाना हवाय? चला जुन्या बाजारात!

आजोबांची सायकल पुन्हा रस्त्यावर आणायचीय? मस्तच! पण तिला हात लावण्याआधी एक रविवार सकाळ पुण्याच्या जुन्या बाजारात घालवा. गंजापेक्षा चुकीचा पाना जास्त नुकसान करतो, हे मी स्वतःच्या हाताने शिकलोय.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दहा वर्षं भिंतीला टेकून उभी होती. हिरवी रॅले, चामड्याचं सीट, रॉडचे ब्रेक. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, याच सायकलवरून रोज खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचे. एक दिवस मागच्या चाकाचा हब पुसला, तर ‘स्टर्मी-आर्चर’ या नावाजवळ ५६ हा आकडा निघाला. म्हणजे हब १९५६ सालचा! मग काय, अंगात जोशच संचारला. मॉलमधून चकाचक टूलकिट आणलं आणि शनिवारी रात्री सीटच्या नटला भिडलो.

तेराचा पाना बसेना, चौदाचा सैल. म्हटलं, थोडा जोर लावू. खर्रकन आवाज आला आणि नटचे कोपरे गोल! बाबा मागे उभे होते. म्हणाले, ‘‘अण्णांनी तीस वर्षांत एक नट बिघडवला नाही. तू एका रात्रीत बिघडवलास.’’

झोप उडवायला एवढं वाक्य पुरेसं होतं.

तेरा आणि चौदाच्या मध्ये

गोची कुठे होती, ते नंतर कळलं. त्या काळातल्या बऱ्याच इंग्लिश सायकलींचे नट मिलिमीटरच्या मापाचे नसतातच, ते व्हिटवर्थ मापाचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनिअरने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं एक प्रमाण सुचवलं, त्यातून आलेली ही पद्धत. यातली गंमत म्हणजे पान्यावर कोरलेलं माप नटच्या रुंदीचं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. त्यामुळे १/४ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड साधारण १३.३ मिलिमीटर भरतं आणि ५/१६ वाल्याचं १५.२. आपल्या टूलकिटमधला कुठलाच पाना त्यावर नीट बसणार नाही. बसल्यासारखा वाटेल आणि नट खाऊन टाकेल!

मग हे पाने मिळणार कुठे? नव्या चकचकीत दुकानात तर नाहीच. गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी एका वाक्यात पत्ता दिला, ‘‘रविवारी जुन्या बाजारात जा, आणि नट खिशात घेऊन जा.’’

लोखंडाचा ढीग, सोन्याची नजर

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, बूट, रेडिओ, ड्रिल मशीन, सगळं ताडपत्रीवर पसरलेलं. एसी शोरूमची सवय असेल तर पहिली दहा मिनिटं जाम गोंधळायला होतं. मग हळूहळू नजर बसते. ज्या ढिगात पाने, पक्कड, हातोड्या एकत्र पडलेल्या असतात, तिथे सरळ उकिडवं बसायचं. उभ्याने काहीच सापडत नाही!

तिसऱ्या ढिगापाशी एका चाचांनी विचारलं, ‘‘काय पायजे?’’

‘‘सायकलचा पाना.’’

‘‘गाडी कुठली?’’

‘‘जुनी रॅले.’’

चाचांनी हात पुढे केला. मी खिशातला नट दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला, गोल झालेले कोपरे पाहिले आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी मान खाली घातली. मग ढिगाच्या तळातून एक काळा पाना निघाला. त्यावर ‘किंग डिक’, हे बर्मिंगहॅमच्या जुन्या कंपनीचं नाव. नटचा शाबूत भाग त्यात असा बसला, जसा डब्याला झाकण बसावं. दोनशेवरून सव्वाशेवर तुटलं. खरं सांगू? दोनशेही दिले असते.

तिथेच आणखी दोन गोष्टी सापडल्या. एक, दोन्ही टोकांच्या गोल डोक्यांत वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला सायकल पाना. आणि दुसरा हूक पाना, जो पेडलच्या एक्सलच्या लॉकरिंगला लागतो. घेताना पान्याचं तोंड फाकलेलं नाही ना, ग्राइंडरने घासून मोठं केलेलं नाही ना, हे उजेडात धरून बघा. गंज चालेल, फाकलेलं तोंड नाही.

उरलेली खरेदी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. व्हर्नियर कॅलिपर, बारका व्हाइस आणि ग्रीसचा डबा. व्हर्नियर असेल तर अंदाजपंचे संपतं, माप घ्या आणि मगच पाना उचला.

हातोडी शेवटी!

जुन्या सायकलची खरी परीक्षा म्हणजे कॉटर, क्रँकला एक्सलवर अडकवून ठेवणारी ती तिरकी खीळ. सगळे तिच्यावर दणादण हातोडी मारतात. मग खीळ वाकते आणि प्रत्येक दणका आतल्या छर्‍यांवर जातो. काकांची पद्धत वेगळी. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं. सकाळी क्रँकखाली जमिनीपर्यंत टेकेल असा पाइपचा तुकडा उभा करायचा, म्हणजे दणका जमिनीत जातो. नट आट्यांच्या टोकाशी समतल ठेवायचा आणि मग एकच सणसणीत घाव. तोही मी काकांच्या देखरेखीखालीच घातला.

आणखी एक धडा तिथेच मिळाला. बऱ्याच इंग्लिश सायकलींच्या एक्सलच्या कपाला इंचाला २४ आटे असतात, रॅलेने मात्र स्वतःचे २६ ठेवले होते. बाजारातला नवा कप दिसायला सेम टु सेम, पण जोर करून फिरवलात तर फ्रेमचेच आटे जातात. त्यामुळे जुने कप फेकू नका. नवे छर्रे आणि ताजं ग्रीस, बहुतेक वेळा काम तेवढ्यावर भागतं.

मागच्या रविवारी सीट घट्ट बसलं. बाबा काही बोलले नाहीत. सायकल घेतली, गेटबाहेर पडले आणि तब्बल वीस मिनिटांनी परतले. उतरताना म्हणाले, ‘‘तो पाना जपून ठेव. अण्णांचा होता तो आपण रद्दीवाल्याला दिला होता.’’

जाण्याआधी एवढं वाचाच

• एकदम पूर्ण सेट घेऊ नका. ज्या नटचं काम आहे, त्याचाच पाना घ्या.
• नट किंवा त्याचं माप खिशात हवंच. सकाळी लवकर जा, सुटे पैसे ठेवा.
• डावं पेडल आणि उजवीकडचा कप उलट्या आट्यांचे असतात. जोर लावण्याआधी दिशा तपासा.
• एक्सल उघडताना खाली ताट ठेवा. सुटे पाव इंची छर्रे दोन्हीकडे मिळून बहुधा २२ निघतात, मोजून घ्या.
• गिअरच्या हबला हलकं तेल, एक्सलच्या छर्‍यांना ग्रीस. अदलाबदल नको.
• मूड बनवायचा असेल तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघा. बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकल तिथे आहे. आधी फोन करून जा.