लाली कोणाची?

डोळ्यात टाकलेल्या थेंबातलं पाच टक्के औषधही आत पोचत नाही. माणसाच्या डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर. बाटलीतून पडणारा थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. जास्तीचं गालावर ओघळतं, नाहीतर नाकाच्या वाटेने घशात उतरतं. थेंब टाकल्यावर जीभ कडू होते ती म्हणून. यावर तोड म्हणजे इन्सर्ट : औषध एका पातळ पापुद्र्यात कोंडायचं आणि तो खालच्या पापणीआड सरकवून द्यायचा. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या अल्झा कंपनीने काचबिंदूसाठी ‘ऑक्युसर्ट’ आणली. तिच्यातून पायलोकार्पिन तासाला २० किंवा ४० मायक्रोग्रॅम या बेताने आठवडाभर झिरपत राही. पुढे कोरड्या डोळ्यांसाठी ‘लॅक्रिसर्ट’ आली, ५ मिलिग्रॅम सेल्युलोजची, तांदळाच्या कणीएवढी कांडी.

पण आठवडाभर डोळ्यात राहायला आलेला हा पाहुणा त्रास देणार नाही, हे ठरवायचं कोणी? आजवर बहुतेक वेळा ते सशाने ठरवलं आहे. आणि ससा बोलत नाही.

महाराष्ट्रातल्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.च्या प्रबंधासाठी हा विषय वर्षानुवर्षं निघत आला आहे. पद्धत ठरलेली : एचपीएमसीसारख्या पॉलिमरचं द्रावण पेट्री डिशमध्ये ओतायचं, बाष्प हळूहळू उडावं म्हणून वर फनेल पालथं घालायचं, सुकल्यावर निघालेल्या फिल्ममधून कॉर्क बोअररने गोल चकत्या पाडायच्या. जाडी मोजायची, घडी घालघालून कितव्या घडीला तुटते ते बघायचं, पीएच तपासायचा. खाटकाकडून बकऱ्याचे ताजे डोळे आणून त्यांच्या कॉर्नियातून औषध किती वेगाने पार होतं तेही पाहायचं. सगळे आकडे छान येतात. मग चकती सशाच्या पापणीआड जाते आणि दुसऱ्या दिवशी डोळा लाल दिसतो.

ही लाली कोणाची, हे ओळखणं म्हणजेच या कामातलं कसब. नवशिक्याचा पहिला संशय औषधावर जातो. जुना जाणकार आधी चकतीची कड भिंगाखाली धरतो. बोअररची धार गेली असेल तर कडेला बारीक कुसळं राहतात; फिल्म लवचीक ठेवणारा प्लॅस्टिसायझर कमी पडला असेल तर सुकी चकती काचेच्या कपचीसारखी टोचते. कड गुळगुळीत निघाली, तर पुढचा प्रश्न निर्जंतुकीकरणाचा. इथिलीन ऑक्साइड वायू वापरून चकत्या पुरेशा हवेशीर ठेवल्या नाहीत, तर उरलेला वायूच डोळा चुरचुरवतो. विद्यार्थी पुष्कळदा चकत्या अतिनील दिव्याखाली ठेवून मोकळे होतात. पण तो प्रकाश वरवरचाच, फिल्मच्या आत तो विसंबण्याइतका पोचत नाही. मग ती लाली जंतूंची नाही असं कशावरून? शिवाय चिमट्याची लाली असते, आणि पिंजऱ्यातल्या मुताच्या वासाचीही. अमोनियाने दोन्ही डोळे लाल होतात.

म्हणून एका डोळ्यात औषधाची चकती, दुसरा डोळा कोरा, आणि वेगळ्या सशांत औषधाशिवायची ब्लँक चकती. ब्लँकवालाही लाल झाला तर औषध निर्दोष सुटलं. दोष पॉलिमरचा, कडेचा किंवा निर्जंतुकीकरणाचा. तासाभरात दिसलेली आणि दुसऱ्या दिवशी ओसरलेली लाली बहुधा हाताळणाऱ्याच्या बोटांची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढू लागलेली मात्र गंभीरपणे घ्यावी.

डोळ्याच्या इजेला गुण द्यायचा तक्ता जुना आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात ‘लॅश लुअर’ नावाच्या पापण्या रंगवायच्या डायने स्त्रियांचे डोळे गेले आणि एकीचा जीव गेला. अशा प्रकरणांनंतर १९३८चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा झाला, आणि १९४४ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्याची चाचणी बेतून दिली. कॉर्नियाला ८०, आयरिसला १०, कंजंक्टिव्हाला २०, असे एकूण ११० गुण. जितके जास्त, तितकी इजा मोठी. १९७१ मध्ये कॅरोल वेल आणि रॉबर्ट स्काला यांनी तेच पदार्थ कितीतरी प्रयोगशाळांना वाटले, तेव्हा एकाच पदार्थाला कुठे निर्धोक ठरवलं गेलं, कुठे जहाल. लालीला एक द्यायचा की दोन, हे अखेर बघणाऱ्या डोळ्यावर होतं.

त्याहून मोठी अडचण अशी की हा तक्ता डोळ्यात उडालेल्या पदार्थासाठी आहे, मुक्कामी राहिलेल्या वस्तूसाठी नाही. ११०पैकी चार गुण म्हणजे ‘इजा नाही’ असं प्रबंधात बिनधास्त लिहिलं जातं. ते चार गुण रोज, आठवडाभर मिळत असतील तर? फ्लुरेसिन टाकून निळ्या उजेडात कॉर्नियावर कुठे हिरवे ठिपके उमटतात का, स्लिट लॅम्पखाली आतल्या पाण्यात गढूळपणा आहे का, शेवटी ऊतींचे काप काय दाखवतात, हे पाहिल्याशिवाय तो निकाल अर्धा आहे. आणि गुण देण्याआधी चकती जागेवर आहे ना, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. सशाला तिसरी पापणी असते. ती हलली की चकती सरकते, कधी रात्रीत पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये सापडते. काही निर्मळ निकालांमागचं कारण एवढंच असतं की चकती तिथे नव्हतीच.

सशाचा डोळा माणसाचा नव्हे. त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ. माणूस मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लववतो, ससा मात्र कित्येक मिनिटांत एकदा. म्हणजे आपल्या डोळ्यात जितकी घासणी होईल तितकी त्याच्यात होत नाही, उलट पदार्थ जास्त वेळ टिकतो. पांढऱ्या सशाच्या डोळ्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य नाही. मेलॅनिनला चिकटणारी औषधं तिथे वेगळी वागतात. काही सशांच्या रक्तात बाहुली विस्फारणारं अ‍ॅट्रोपिन मोडणारं एन्झाइमही असतं. हे माहीत नसेल तर डोळ्याची बाहुली का विस्फारली नाही, याचं उत्तर चकतीत शोधत बसण्याची वेळ येते.

भारतात अशा प्रयोगांना १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी २०१४ मध्ये बंद झाली, आणि २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांनाही जागा मिळाली. अंड्यातल्या पिल्लाभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर पदार्थ ठेवून पाच मिनिटं पाहायचं, कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या कॉर्नियाची पारदर्शकता मोजायची, हे मार्ग आहेत. जहाल पदार्थ तिथेच गाळला जावा, ससा त्यासाठी खर्ची पडू नये, याबद्दल दुमत नसावं. मात्र या मार्गांत पापणी लवत नाही, अश्रू वाहत नाहीत. सातव्या दिवशी कड काय करते हे त्यांना कळत नाही. त्यासाठी ससा लागतोच. इन्सर्टच्या बाबतीत एक सोय तेवढी आहे : व्रण दिसताच चकती काढून डोळा धुता येतो. कोणत्या खुणेला प्रयोग थांबवायचा ही मर्यादा जी प्रयोगशाळा आधीच लिहून ठेवत नाही, तिच्या निकालावर भरवसा ठेवू नये.

चकती निसटण्याचा प्रश्न माणसातही होताच. ऑक्युसर्ट कधी झोपेत डोळ्यातून निसटायची आणि वयस्कर रुग्णांच्या ते लक्षातही यायचं नाही. पुढे डेक्सामेथासोनचं ‘डेक्स्टेंझा’ हे इन्सर्ट अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते पापणीआड नव्हे, तर तिच्या आतल्या टोकाशी असलेल्या अश्रूंच्या नळीत बसतं. माणसाच्या प्रत्येक डोळ्यात अश्रू वाहून नेणारी छिद्रं दोन असतात, वरच्या पापणीत एक आणि खालच्या पापणीत एक. सशाला फक्त खालचं. तेच बुजलं तर निचऱ्याची दुसरी वाट नाही. म्हणून अशा वस्तूंसाठी बीगल कुत्रा निवडतात.