शिल्लक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसाऱ्याच्या दोन पद्धती आरंभीच शिकवल्या जातात. पहिलीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते आणि ठरलेल्या मुदतीअखेर वस्तूचे पुस्तकी मूल्य शून्यावर येते. दुसरीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के वजा होतात. आकडा लहान लहान होत जातो, पण शून्य कधीच होत नाही. काही ना काही शिल्लक राहतेच. बँकेतील ३७ वर्षांच्या नोकरीत हे गणित मी असंख्य वेळा केले. २०१९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते एकदा घरच्या जावा मोटारसायकलसाठी करून पाहिले. १९७४ साली आमच्या वहीत २,६०० रुपयांना नोंदलेली ही गाडी, १५ टक्के घसारा धरता, ४५ वर्षांनी १ रुपया ७३ पैशांची उरली होती.

हे गणित करण्याची वेळ आली, कारण बार्शीतील आमचे जुने गोदाम विकायचे ठरले होते. मोकळ्या पोत्यांच्या थप्पीमागे ही गाडी वीसेक वर्षे उभी होती. पुतण्यांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने वजनावर भाव सांगितला. व्यवहारात चूक काहीच नव्हती. पण ही गाडी माझ्या थोरल्या बंधूंची. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेलेली. भंगारवाला आल्याचे कळताच ते काठी टेकत गोदामात आले, हाताने चाचपत टाकीपर्यंत पोहोचले आणि एवढेच म्हणाले, "पेट्रोलची कॉक बंद आहे ना रे?" मी भंगारवाल्याला परत पाठवले.

वडिलांना आजारपण आले तेव्हा भाऊ शाळेतून नुकतेच बाहेर पडले होते. आडत दुकानाची गादी त्यांनी सांभाळली. पुढे ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली आणि तिच्यावरून वैरागपर्यंतची खेडी पालथी घातली. शेतकऱ्यांची भेट, मालाचा नमुना, उधारीची वसुली, सारे याच गाडीवरून. माझ्या एम.कॉम.पर्यंतच्या शिक्षणाची फी त्या फेऱ्यांतून आली. वहीत मात्र ती 'घरखर्च' याच नावाने पडली. माझ्या नावे कधीच नाही.

जावाचा इतिहास आपल्या व्यापारी वाचकांना आवडेल असा आहे. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्राग येथे जर्मनीच्या 'वांडरर' कंपनीच्या मोटारसायकलीचे उत्पादन हाती घेतले आणि 'यानेचेक' व 'वांडरर' या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. भारतात इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९६१ मध्ये म्हैसूरला सुरू झाला. १९७३ पासून गाड्यांवर 'येझदी' हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आमची गाडी १९६८ ची, २५० सी.सी.ची. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किकचा दांडा होतो. गिअर बदलताना क्लच आपोआप सुटतो, डाव्या हाताला तसदी नाही. साखळी पूर्ण झाकलेली, त्यामुळे खेड्यांतल्या धुळीतही ती टिकत असे.

दुरुस्ती गावातल्याच एका वयोवृद्ध मिस्त्रींनी स्वीकारली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पहिली अट घातली की, इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय किक मारायची नाही. ते योग्यच होते. टाकीत जुन्या पेट्रोलचा चिकट थर होता, कार्बोरेटरचे जेट बुजले होते, पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. डिझेल ओतून आठ दिवस ठेवले तेव्हा तो हलला. सिलिंडर लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला, क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड घातला.

सर्वांत त्रास दिला तो क्रँकच्या ऑइल सीलने. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथून वर ढकलले जाते. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. सील कडक झाली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. शिवाय गिअरपेटीतले ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. अस्सल म्हणून एका दुकानातून आणलेली सील महिन्याभरात गळू लागली. दुसरी मिळवून इंजिन पुन्हा उघडावे लागले.

या काळात भाऊ रोज सकाळी चाचांच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसत. भाग हातात घेऊन बोटांनी तपासत. गाडी प्रथम सुरू झाली त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या; भाऊंनी हात वर करून थांबवले. "ठिणगी उशिरा पडतेय," ते म्हणाले. चाचांनी पॉइंट उघडून पाहिले, टायमिंग खरेच मागे होते. ते पुढे घेतल्यावर दोन्ही सायलेन्सरमधून ठोका एकसारखा येऊ लागला. मला त्या दोन आवाजांतला फरक आजही नीट सांगता येत नाही.

मधली टाळेबंदी धरून हे काम १६ महिने चालले. हिशेबाची सवय जात नाही म्हणून खर्च नोंदवतो: इंजिन २८,५०० रुपये; मरून रंग, सोनेरी रेषा व क्रोम २४,०००; टायर, स्पोक व चाके १४,५००; वायरिंग व सहा व्होल्टची बॅटरी ७,०००; सीट व किरकोळ ६,०००. एकूण ८०,०००. नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि विमा वेगळा. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला ती चालवायची होती, म्हणून साधी नोंदणीच ठेवली.

भाभींनी एकदा सरळ विचारले, "परिग्रह कमी करायच्या वयात हे ओझं कशाला?" प्रश्न रास्त होता. मी त्यावर पुष्कळ विचार केला. वापराविना वीस वर्षे पोत्यांमागे कोंडून ठेवलेली गाडी हाच आमचा खरा परिग्रह होता. दुरुस्त झालेली गाडी निदान कोणाच्या उपयोगी पडते. टू-स्ट्रोकचा धूर आजच्या गाड्यांपेक्षा अधिक, हेही नाकारता येणार नाही. म्हणून फेरी थोडी आणि ऑइलचे प्रमाण मोजून.

पहिल्या फेरीला भाऊ मागे बसले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, वेग ताशी चाळीसच्या आत. वैरागच्या रस्त्याला लागल्यावर ते मागून सांगू लागले: आता उतार येईल, आता ओढ्यावरचा पूल. उतार होता, पूलही होता, फक्त रुंद झाला होता. एका ठिकाणी ते म्हणाले, "इथे चिंचेची सावली लागते." ऊन सरळ अंगावर पडत होते. रस्ता रुंद करताना झाडे गेली होती. भाऊ क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "तुझ्या परीक्षेची फी भरायची होती ना, त्या दिवशी इथेच साखळी तुटली होती. ढकलत नेली." ही गोष्ट मी ६० वर्षांचा होईपर्यंत ऐकली नव्हती. नंतरच्या फेऱ्यांत अशा अनेक ऐकल्या: कोणत्या वाड्यावर कोणी उधारी वेळेवर चुकवली, कोणाची दुष्काळात सोडून दिली. आमच्या रोजमेळात यातले काहीच नाही.

आपल्या बहुतेक घरांत अशी एखादी वस्तू असेल: तराजू, गल्ला, शिलाई यंत्र, एखादी बंद पडलेली गाडी. ती ठेवावी की काढावी, हे ज्याने त्याने ठरवावे. सगळेच जपणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. एवढेच सुचवतो की, निर्णयापूर्वी ती वापरणाऱ्याला तिच्याजवळ घेऊन जावे, हात लावू द्यावा आणि शांतपणे ऐकावे.

आमची जावा आता दर रविवारी सकाळी निघते. चाचांची ताकीदच आहे: चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर बिघडते. परत आल्यावर कॉक बंद केल्याचे मी भाऊंना न विचारता सांगतो.