साहाय्यक अभिनेता

चित्रपटवेड्या माणसाचे वर्ष डिसेंबरच्या मध्यावर सुरू होते आणि मार्चमध्ये ऑस्करच्या सोमवारी पहाटे संपते. मधल्या तीन महिन्यांत वर्षातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांच्या याद्या, नामांकने, भाकिते आणि त्यांवरचे वाद यांचा नुसता पाऊस असतो. मी या हंगामाचा जुना वारकरी आहे. डहाणूत राहून हा छंद जोपासणे थोडे विजोड आहे, हे मला मान्य आहे. कारण याच दिवसांत बोर्डीचा किनारा मुंबईच्या पाहुण्यांनी भरलेला असतो, तलासरीच्या मिशनच्या आवारात नाताळच्या चांदण्या लागलेल्या असतात, आणि भाताची झोडणी उरकून पाड्यापाड्यांवरची कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे, बोटींवर, गुजरातेतल्या बांधकामांवर निघून गेलेली असतात. वर्गातले काही बाक वाघबारशीला रिकामे होतात ते होळीपर्यंत भरत नाहीत. अशा वेळी लॉस एंजेलिसमध्ये कोणाच्या हाती कोणती बाहुली पडते याची चर्चा करणाऱ्या मास्तराकडे गावाने जरा विचित्र नजरेने पाहिले, तर त्यात गावाचा दोष नाही.

साहित्याच्या वर्तुळातले माझे बहुतेक स्नेही पुरस्कारांविषयी बोलताना नाक मुरडतात. पुरस्कारांमागचे राजकारण, लागेबांधे, प्रायोजक, सगळे खरे आहे. तरीही मला पुरस्कार महत्त्वाचे वाटतात, आणि त्याचे कारण गुणवत्तेशी संबंधित नाही. पुरस्कार देणाऱ्याला आधी वर्गवारी करावी लागते. कोणते काम 'प्रमुख' आणि कोणते 'साहाय्यक', हे त्याला ठरवावे लागते. चित्रपट कोणाचा आहे, या प्रश्नाला बगल देऊन तासभर भाषण करता येते. मतपत्रिका भरताना मात्र तो सोडवावाच लागतो. म्हणून विजेत्यांच्या नावांपेक्षा ती नावे कोणत्या रकान्यात पडली हे मी आधी पाहतो. तिथे समीक्षा घडलेली असते, ती करणाऱ्यांच्या नकळत का होईना.

याचे माझ्या लेखी सर्वांत बोलके उदाहरण १९८१चे आहे. गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'आक्रोश' १९८०मध्ये आला. कथा आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. पुढल्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत दिग्दर्शन, कथा आणि पटकथा ही तिन्ही पारितोषिके त्याने घेतली. अभिनयाची दोन पारितोषिकेही त्यालाच मिळाली. सर्वोत्कृष्ट अभिनेता नसीरुद्दीन शाह, सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेता ओम पुरी.

ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांनी या वाटणीवर क्षणभर थांबावे. ओम पुरींचा लहान्या भिकू हा आदिवासी. पत्नी नागीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. नसीरुद्दीन शाह त्याचा वकील, भास्कर कुलकर्णी. लहान्यावर खटला आहे, लहान्याची बायको गेली आहे, लहान्याचा बाप मरतो, लहान्याची बहीण मरते, चित्रपटाला शीर्षक देणारा तो आक्रोशही लहान्याचाच. आणि तरी तो साहाय्यक! तो कोणाला साहाय्य करतो? एका तरुण, सुशिक्षित, सज्जन ब्राह्मण वकिलाला जाग येण्याच्या प्रक्रियेत तो साहाय्य करतो, असे त्या रकान्याचे उत्तर आहे.

या निवडीवर चिडणे सोपे आहे. पण ती चुकीची होती असे मला वाटत नाही. चित्रपटाची रचना पाहिली तर कॅमेरा भास्करबरोबर चालतो. आपण त्याच्याबरोबर तुरुंगात जातो, त्याच्याबरोबर गावातल्या प्रतिष्ठितांच्या दारांवर थांबतो, त्याला जेवढे कळते तेवढेच बहुतांशी आपल्याला कळते. लहान्या गप्प आहे. पूर्वदृश्यांचा अपवाद सोडला तर त्याला जवळपास संवादच नाहीत. म्हणजे परीक्षकांनी चित्रपट बरोबर वाचला होता. अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे की तो वाचला तसाच होता.

व्याकरणाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना याचा दाखला देतो. 'रामाने आंबा खाल्ला' या कर्मणी प्रयोगात खाणारा राम असतो, पण क्रियापद वळते ते आंब्याच्या मागे. राम बदलून सीता आणली तरी 'खाल्ला' तसाच राहतो; आंब्याच्या जागी चिकू आले की मात्र ते 'खाल्ले' होते. 'आक्रोश' ही अशी कर्मणी रचना आहे. शोधणारा, विचारणारा, धडपडणारा कर्ता भास्कर आहे. चित्रपटाचे क्रियापद मात्र लहान्याच्या मागे वळते. त्याचे मौन बदलले तर सगळे वाक्य बदलेल. भास्करच्या जागी दुसरा कोणी वकील आला असता तरी त्या वाक्याला फारसा धक्का लागला नसता. पुरस्काराच्या रकान्याला कर्ता ओळखता येतो. क्रियापद कोणामागे वळते हे त्याला दिसत नाही.

आणखी एक बारकावा तेंडुलकरांनी ठेवला आहे, आणि तो मला सर्वांत क्रूर वाटतो. अमरीश पुरींनी रंगवलेले सरकारी वकील दुसाने हे स्वतः आदिवासी आहेत. रात्री-अपरात्री त्यांना दूरध्वनीवरून जातीवरून शिव्या दिल्या जातात. म्हणजे या चित्रपटात कायद्याच्या भाषेत बोलता येणारा एक आदिवासी आहे, पण तो बोलतो ते शासनाच्या बाजूने, लहान्याच्या विरुद्ध. बोलता येणे आणि आपल्या माणसाच्या बाजूने बोलता येणे यांतले अंतर या एका पात्रात मांडलेले आहे. महेश एलकुंचवारांनी रंगवलेला कार्यकर्ता तिसऱ्या टोकाला उभा आहे. तोही बोलतो, आणि तोही बाहेरचाच.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीआधी हा चित्रपट मी वर्गात दाखवला. वर्गात वारली होते, धोडिया होते, कोकणा होते, दोन-तीन गुजराती बोलणारी मुलेही होती. लहान्याच्या मौनाचे प्रतीकात्मक अर्थ मी फळ्यावर मांडत असताना तलासरीकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो वकील त्याला सारखा विचारतो. पण विचारतो कुठल्या भाषेत?" मागच्या बाकावरून एकाने उत्तर दिले, "कोर्टाच्या." वर्ग हसला, आणि मग बराच वेळ कोणी हसले नाही.

त्या प्रश्नाने चित्रपटाची एक वेगळीच खिडकी उघडली. हिंदी चित्रपटात सगळेच हिंदी बोलतात, हा संकेत आपण मुकाट्याने मान्य करतो. पण घरी वारली बोलणाऱ्या, शाळेत प्रमाण मराठी शिकलेल्या आणि बाजारात गुजराती वापरणाऱ्या मुलीला तो संकेत दिसला. लहान्याच्या मौनाला आपण भय म्हणतो, निषेध म्हणतो, सत्तेपुढची हतबलता म्हणतो. त्यात एक साधी शक्यता राहून जाते. त्याला त्याच्या भाषेत कोणी काही विचारलेच नसेल.

आणि हा प्रदेश मुका कधीच नव्हता. 'आक्रोश'च्या पस्तीस वर्षे आधी, मे १९४५मध्ये, आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही असे हजारोंनी सांगितले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह माणसे मारली गेली. गोदावरी परुळेकरांनी हा सगळा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. १९७२मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाची निवेदक बाहेरून आलेली आहे हे खरेच. पण जागे होण्याची क्रिया शीर्षकातच ज्याच्या नावे आहे तो माणूस वारली आहे. 'आक्रोश'मध्ये जागा होतो तो भास्कर. या दोन कृती शेजारी ठेवून वाचणे हा आपल्या अभ्यासक्रमांना सहज पेलणारा प्रयोग आहे. तो क्वचित होतो.

आता एका योगायोगाविषयी. तेंडुलकरांच्या वकिलाचे नाव भास्कर कुलकर्णी. डहाणूत हे नाव उच्चारले की जुन्या माणसांना वेगळीच व्यक्ती आठवते. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पुपुल जयकरांनी साठच्या दशकात मिथिलेत पाठवले होते आणि तिथल्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. सत्तरच्या दशकात ते आमच्या भागात आले. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगापुढे आणण्यात त्यांचा वाटा मोठा. नावांचे हे साम्य जाणूनबुजून आहे असे मी सुचवत नाही. पण ते दोन भास्कर शेजारी उभे केले की बरेच काही दिसते. पडद्यावरचा भास्कर लहान्याला सतत बोल म्हणतो. खरा भास्कर कागद देऊन बाजूला झाला. त्यानंतर जे बोलले गेले ते पांढऱ्या रंगात, गेरूने सारवलेल्या पृष्ठभागावर, आणि मशे यांच्याच भाषेत. १९७६मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००२मध्ये शिल्पगुरू, २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले. त्या गोष्टीत प्रमुख भूमिका मशे यांची आहे आणि साहाय्यक भूमिका भास्कर कुलकर्णी यांची. त्या साहाय्यक भूमिकेची उंची त्यामुळे तसूभरही कमी झालेली नाही.

इथे थांबलो तर गोष्ट फार सोयीची होईल. लग्नाचा चौक लिहिणे हे वारल्यांत मुळात स्त्रियांचे काम. ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या पिठाने भिंतींवर देवचौक लिहिले, त्यांतल्या एकीचेही नाव कोणत्या प्रशस्तिपत्रकावर नाही. पुरस्काराला एक नाव लागते, आणि एक नाव आले की बाकीचे सारे आपोआप साहाय्यकाच्या रकान्यात जातात, किंवा रकान्याबाहेर. मशे यांच्या थोरवीला याने बाध येत नाही. पण प्रमुख-साहाय्यक ही वाटणी शहरी माणसानेच करावी लागते असे नाही, हे यातून कळते.

हा प्रश्न आपल्याच चित्रपटांपुरता नाही. २०२३च्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'मध्ये लिली ग्लॅडस्टोनने ओसेज स्त्री साकारली. तिचा पडद्यावरचा वेळ पाहता तिने साहाय्यक अभिनेत्रीच्या गटात उतरावे, तिथे पारितोषिक सोपे जाईल, असे पुष्कळांचे म्हणणे होते. ती प्रमुख गटात उतरली. जानेवारी २०२४मध्ये गोल्डन ग्लोब मिळाले, मार्चमध्ये ऑस्कर हुकले. ते एमा स्टोनला गेले. चित्रपटाला दहा नामांकने होती आणि हाती एकही बाहुली आली नाही. तरी मला तो हरलेला डाव वाटत नाही. कथा नवऱ्याच्या बाजूने सांगितली गेली असली तरी ती माझी आहे, एवढे विधान त्या एका अर्जात होते. याआधी चीफ डॅन जॉर्ज आणि ग्रॅहम ग्रीन या दोघांना ऑस्करची नामांकने मिळाली होती. दोन्ही साहाय्यक अभिनेत्याची.

आपल्याकडे उलट उदाहरणेही आहेत. मृणाल सेन यांच्या 'मृगया'त (१९७६) आदिवासी शिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या मिथुन चक्रवर्तीला पहिल्याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे मधे वकील उभा नव्हता. 'जय भीम'मध्ये (२०२१) वकील पुन्हा आला, आणि तारांकित नट त्याच भूमिकेत गेला. 'आक्रोश'नंतर चाळीस वर्षांनीही न्यायाची गोष्ट सांगायला आपल्याला आधी काळा कोट लागतो.

आणि दूरचित्रवाणीवरचे पुरस्कार सोहळे? त्यांत अधूनमधून एखादे 'आदिवासी नृत्य' असते. पानांची वस्त्रे, चेहऱ्यावर पट्टे, हातात भाले, मध्यभागी तारका. तारपा नाच ज्याने पाहिला आहे त्याला यातली विसंगती सांगावी लागत नाही. तारपा वाजवणारा मधे असतो, आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते. त्याच्याकडे पाठ करायची नसते. समोर रांगेत मांडलेल्या खुर्च्यांकडे तोंड करून उभे राहण्याची सोय त्या रचनेत नाही. नवे भात घरात आले म्हणून जो नाच होतो, त्याला परीक्षक लागत नाही.

यावरून पुरस्कार बंद करावेत असा निष्कर्ष मी काढत नाही. येत्या मार्चमध्येही मी पहाटे उठणार आहे, आणि एखाद्या निकालावर संतापून दिवसभर सहकाऱ्यांना छळणार आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की या हंगामात कोण जिंकले याबरोबर कोण कोणत्या रकान्यात जिंकले हे पाहावे, आणि तोच प्रश्न आपल्या कथा-कादंबऱ्यांना, आत्मचरित्रांना, आपल्या समीक्षेलाही विचारावा. निवेदक ज्याच्याविषयी बोलतो आहे तो मनुष्य त्या कृतीत कर्ता आहे, कर्म आहे, की नुसता साहाय्यक?

माझ्या वर्गातली ती मुलगी आता एका आश्रमशाळेत शिकवते. तिने किंवा तिच्या एखाद्या विद्यार्थ्याने उद्या वारली भाषेत चित्रपट केला, आणि त्यात एखाद्या कुलकर्णी वकिलाची छोटीशी, चांगली लिहिलेली भूमिका असली, तर ती करणाऱ्या नटाला साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते त्याने अभिमानाने घ्यावे.