शत्रूच्या शत्रूचा माग

‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ हे वचन निवडणुकीच्या हंगामात हमखास आठवते, आणि बहुधा चाणक्याच्या, म्हणजेच कौटिल्याच्या, नावावर खपते. इंग्रजीत ते १८८४ मध्येच छापलेले आढळते. शतकानुशतके दृष्टीआड झालेले कौटिलीय अर्थशास्त्र मात्र संस्कृत पंडित शामशास्त्रींच्या हाती म्हैसुरात १९०५ मध्ये लागले आणि १९०९ मध्ये छापून निघाले. त्यातही हे वचन या शब्दांत नाहीच. तिथे आहे तो नकाशा.

सहाव्या अधिकरणातल्या राजमंडलाच्या मध्यभागी विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा. त्याच्या हद्दीला लागून असलेला तो अरी; अरीपलीकडचा तो मित्र; पुढे अरिमित्र, मित्रमित्र, अरिमित्रमित्र. पाठीमागेही अशीच रांग. मध्यम आणि उदासीन, म्हणजे तटस्थ, हे दोघे धरून बारा राजे. बांधाला बांध लागला की भांडण आलेच, हे खेड्यात कुणाला शिकवावे लागत नाही. कौटिल्याने तेच राज्यांना लावले. आईबापांच्या नात्यातून आलेला सहज मित्र त्याने वेगळा सांगितला आहे, पण मंडल चालते ते हद्दींवर. अरीचे राज्य गिळले की मित्राची हद्द येऊन भिडते, आणि त्याच न्यायाने तो नवा अरी ठरतो. म्हण एवढा भाग सोयीने गाळते.

महाभारताच्या शांतिपर्वाने तो गाळलेला नाही. लोमश मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकते. पलित उंदरावर खालून मुंगूस आणि फांदीवरून घुबड टपलेले. जाळे कुरतडून देण्याच्या बोलीवर उंदीर सरळ मांजराच्या कुशीत शिरतो, तसे मुंगूस आणि घुबड दोघेही निघून जातात. मग मांजर घाई करते आणि उंदीर रेंगाळतो. शेवटचा पाश तो कुरतडतो तो पारधी समोर दिसल्यावरच, म्हणजे मांजराला पळण्यापलीकडे काही सुचू नये. पुढे मांजर गोड बोलून मैत्रीला बोलावते. उंदीर बिळातूनच नकार देतो.

मराठ्यांच्या इतिहासातही हा नकाशा दिसतो. विजापूर शेजारी, गोवळकोंडा त्यापलीकडे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाला भेटले. कुतुबशहाने पैसा आणि तोफखाना द्यायचा, विजापूरकडून जिंकलेल्या कर्नाटकात त्याला वाटा मिळायचा, असे ठरले. त्याच वर्षी जिंजी मराठ्यांकडे आली, पुढल्या वर्षी वेलूर. कुतुबशहाचा वाटा मात्र त्याच्या हाती पडला नाही.