न उघडलेल्या दारामागची खोली

रोलप्लेइंग गेमसाठी कागदाचं भुयार करायला बसलं की पहिली अडचण येते ती अमेरिकेतल्या कागदाच्या मापाची. विकत मिळणाऱ्या बऱ्याचशा पीडीएफ लेटर साइजच्या, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंची पानावर बसवलेल्या असतात. आपला ए-फोर 210 बाय 297 मिलिमीटरचा, जरा अरुंद आणि जरा उंच. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला की तिथला मुलगा सवयीने 'फिट टू पेज' करतो आणि पान जवळजवळ तीन टक्क्यांनी आक्रसतं. 25.4 मिलिमीटरचा इंची चौकोन 24.7 चा होतो. एका चौकोनात ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण दहा चौकोनांच्या बोळात सात मिलिमीटरची तूट येते. घरी छापलेल्या फरशीला दुकानात छापलेली फरशी लावली की रेघा जुळत नाहीत. म्हणून काउंटरवरच सांगायचं, "दादा, ॲक्चुअल साइज, शंभर टक्के."

"ताई, कडेचं कापलं जाईल."

"जाऊ दे."

एवढा आटापिटा कशासाठी, तर आमच्या खेळात एक इंच म्हणजे पाच फूट. दिवाळीच्या किल्ल्यात महाराज दरवाज्यापेक्षा उंच असले तरी कुणाचं काही बिघडत नाही, इथे बिघडतं. बाण किती लांब जाईल, मशालीचा उजेड कुठवर पोचेल, पळणारा गॉब्लिन हाताला लागेल की नाही, सगळं चौकोन मोजून ठरतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. कागद, पेन्सिल आणि छोट्या पुतळ्यांनी खेळायचा खेळ, असं त्याच्या पहिल्या खोक्यावरच लिहिलेलं होतं. त्याआधी आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांना ब्लॅकमूर नावाचा खेळ खेळवत असे. तेव्हा टेबलावर किल्ल्याचं प्लास्टिकचं मॉडेल असे आणि किल्ल्याखालचं भुयार त्याने आलेखाच्या कागदावर काढलेलं असे. मला ही वाटणी फार नेमकी वाटते. किल्ला सगळ्यांना दिसतो, तो घडवून ठेवायला हरकत नाही. भुयार खेळवणाऱ्यालाच माहीत असतं, आणि खेळाडू त्यातल्या कुठल्या वाटेला लागतील हे त्यालाही माहीत नसतं.

पुढे भुयारंही घडवली जाऊ लागली. 'ड्वार्व्हन फोर्ज' ही कंपनी 1996 मध्ये सुरू झाली. तिचे साच्यात ओतलेले, हाताने रंगवलेले दगडी तुकडे खरोखर देखणे आहेत. किंमत बघून मी पान बंद करते हा भाग वेगळा. पण फुकट मिळाले तरी मी ते जपूनच वापरेन, कारण देखणी खोली वापरली जावी असं खेळवणाऱ्याला वाटू लागतं. तीन दारांपैकी जिच्यावर पैसे आणि रविवार घातले ती खोली डावीकडच्या दारामागे असेल, तर उजवीकडच्या दाराला भक्कम कुलूप लागतं आणि मधल्या वाटेवर दरड कोसळते. खेळाडू काही दूधखुळे नसतात. आमच्यातला एक जण तर मी खोक्याला नुसता हात लावला तरी ओरडतो, "तलवारी काढा रे, मारामारी आली!"

कागद इथे उपयोगी पडतो. स्वस्त असतो हे खरंच, पण त्याच्या स्वस्तपणामुळे खेळाडूंना एखादी खोली टाळू देण्याची हिंमत माझ्या अंगी येते. समोर तीन दारं ठेवायची आणि तिन्हींमागच्या खोल्या खोक्यात तयार ठेवायच्या. ते एक दार निवडतात. उरलेल्या दोन खोल्या तशाच परत जातात आणि मला काही वाटत नाही.

करायला बसल्यावर मात्र कागद लाड पुरवून घेतो. भिंतींना 200 ते 220 जीएसएमचा कागद बरा. त्याहून जाड कागद घरचा प्रिंटर ओढत नाही आणि पातळ कागदाची भिंत पंख्याच्या वाऱ्याने पडते. घडी घालण्याआधी शाई संपलेली रिफिल स्टीलच्या पट्टीला लावून रेघ दाबून घ्यायची. त्याशिवाय घातलेली घडी हमखास फाटक्या कडेची येते, आणि लेझर प्रिंट असेल तर टोनरचे टवके उडून भिंतीच्या कोपऱ्यात पांढरी भेग दिसते. इंकजेटला हा त्रास नाही. त्याचा रंग फेविकॉलच्या ओलीने पसरतो. दोन्हींत मी लेझर घेते, कारण भेग रंगवता येते, पसरलेला रंग गोळा करता येत नाही.

कापलेली कड रंगवणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. दगडी भिंतीला वर पांढरी रेघ दिसली की डोळा आधी तिथेच जातो आणि भिंतीचा कागद होतो. बरेच जण काळं स्केचपेन फिरवतात, मला ते पटत नाही. काळ्या कडेने भिंत व्यंगचित्रातल्यासारखी दिसते. राखाडीत थोडा तपकिरी असलेला मार्कर, तोही आडवा धरून एकदाच फिरवलेला, पुरेसा होतो.

फरशी साध्या कागदावर छापून दोन मिलिमीटरच्या ग्रे बोर्डवर चिकटवायची. इथे बाइंडिंगवाल्यांचं शहाणपण उसनं घ्यावं लागतं. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद लावला तर वाळताना कागद आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मग फरशीची थाळी होते आणि तिच्यावर पुतळे डुगडुगतात. मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. मागे नुसता कोरा कागद लावण्यापेक्षा मी तिथे दुसरी फरशी लावते. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला लाकडी तक्तपोशी. पावसाळ्यात मात्र हे काम काढायचंच नाही. वाळायला ठेवलेलं काहीच नीट वाळत नाही.

भिंत किती उंच करायची यावर या छंदातले लोक तावातावाने भांडतात. हिशेबाने दोन इंची भिंत म्हणजे दहा फूट, म्हणजे अगदी रास्त. पण टेबलाशी बसलेल्या माणसाचे डोळे टेबलापासून सोळाएक इंच वर असतात. भिंत त्याच्यापासून तीस इंचांवर असेल तर तिच्यामागचे चार चौकोन त्याला दिसतच नाहीत. पाच-सहा जण चारी बाजूंनी बसले की प्रत्येकाला निम्मी खोली आंधळी. मग कुणी उभं राहतं, कुणी वाकतं, कुणाची तरी बाही लागून बुरूज आडवा होतो. अर्धा इंच भिंत केली तर जेमतेम एक चौकोन झाकला जातो आणि तिथल्या पुतळ्याचं डोकं वर दिसत राहतं. या बुटक्या भिंतीला उंची द्यायची युक्ती चित्रात आहे. फरशीच्या कडेला, भिंतीच्या पायाशी, गडद सावलीचा पट्टा छापायचा. डोळा सावलीवरून उंची ताडतो आणि अर्ध्या इंचाची भिंत पुरुषभर वाटू लागते.

फक्त दारं मी पुऱ्या दोन इंचांची करते, चौकटीसकट. चौकटीच्या दोन्ही अंगांना पाय काढते म्हणजे ती कुठेही एकटी उभी राहते. फळी दुहेरी कागदाची. दोन थरांमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून तिचं बाहेरचं टोक चौकटीच्या आत चिकटवायचं, झाली बिजागरी. फळीच्या खालच्या कडेला केसाएवढी फट ठेवायची, नाहीतर ती फरशीला घासून अडकते. कडीला तांब्याच्या बारीक तारेचं कडं. एवढ्या खटाटोपाचं कारण असं की दार उघडतं का, हा प्रश्न खेळाडू तोंडाने विचारतात, पण हात आधीच पुढे आलेला असतो. बोटाने दार ढकलायला मिळालं की त्यांचा धीर सुटतो, सापळा तपासायचा राहतो, आणि मला हवं ते होतं.

मागच्या मोहिमेत मी एक मृतांचं दालन केलं होतं. सहा थडगी, सगळ्यांची झाकणं निघणारी, एकाच्या आत खोटा तळ. मंडळी दारापर्यंत आली, कान लावला, आतून खरडल्याचा आवाज येतोय म्हटल्यावर सरळ मागे फिरली आणि नदीच्या वाटेने बाहेर पडली. त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्याकडे बरं करणारं कुणी उरलं नव्हतं. फरशी उलटून लाकडी बाजू वर केली, थडग्यांवर कागदी पिंपं उभी केली, आणि शनिवारी येणाऱ्या दुसऱ्या गटासाठी तिथे दारूचं तळघर झालं. खोटा तळ तसाच ठेवलाय. त्यात सध्या खानावळवाल्याची चोरीची मोहरबंद पत्रं आहेत, आणि त्या गटातली चोर झालेली मुलगी दर वेळी शेजारचंच थडगं तपासते.